हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की काकांना स्कूटरवर मागं बसवून
कडोलीहून बेळगावला बँकेत न्यायचं काम माझ्याकडं.
कल्लाप्पा सातेरी हुंदरे, नौदल, निवृत्त,
अजून जिवंत आहेत,
हे वर्षातून एकदा यंत्राला पटवायचं.
यंत्राला पटायचं नाही.
अंगठा ठेव, पूस, परत ठेव.
बॅटऱ्यांच्या आम्लानं रेषा केव्हाच खाऊन टाकलेल्या.
बाई कन्नडात म्हणायची, दुसरं बोट.
काका तिला कन्नडातच सांगायचे,
"दहाही तशीच आहेत, तंगी,
तोंडाकडं बघ की माझ्या."

समुद्र त्यांनी फारसा पाहिलाच नव्हता.
चौदा वर्षं पाणबुडीत,
आणि रविवारी चोर्ल्यातून गोव्याला जाऊन येणारी आमची पोरं
त्यांच्यापेक्षा जास्त समुद्र बघून आलेली.
"खिडकी नसतीय रे.
पोटावर सरपटत बॅटऱ्यांच्या खड्ड्यात उतरायचं,
एकेकीची नाडी बघायची.
वर चांदणं हाय की पाऊस,
दुर्बिणीवरच्या साहेबाला विचारायला लागायचं."

गल्लीत सगळे पाणबुडा म्हणत.
विहिरीत कळशी पडली की बोलावणं.
त्यांना पोहायला बेताचंच यायचं.

एकाहत्तरचं मी एकदाच विचारलं. सातवीत होतो, निबंध होता.
लढाईत काय केलास, काका?
अंगणात रताळी निवडत बसले होते.
एक कुजकं उचलून बाजूला टाकलं.
"गप्प बसलो."
मग बऱ्याच वेळानं, रताळ्यांकडंच बघत:
"पंखे बंद, पंप बंद. खोकायचंसुद्धा नाही.
वर कोणतरी कान लावून होतं.
एका पोराच्या घामट हातातनं पाना सुटला.
मी पायावर झेलला.
तेवढीच माझी लढाई. लिही जा."
निबंधाला दहापैकी चार मिळाले.
काकांच्या पायाच्या अंगठ्याचं नख
शेवटपर्यंत काळं होतं, वाकडं.

आमच्या घरात काकू तवा आपटते, मी दार,
म्हैस रात्रभर खुंटा.
काका पेला ठेवायचे तो असा
की कट्ट्याला कळू नये.
काकू चिडायची,
"माणूस घरात हाय का न्हाई, कळतच न्हाई बघ."
नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं, गल्लीत घागरींची मारामारी,
आणि हे एका तांब्यात दाढी, तोंड, मान, काखा उरकून
उरलेला घोट अबोलीला घालायचे.

यंदा श्रावणात छाती भरली.
इस्पितळात नाकाला नळी, शेजारी सिलिंडर.
रात्री जाग आली तर काट्याकडं एकटक बघत पडलेले.
काय करूलालैस, काका?
नळी जरा बाजूला करून म्हणाले,
"पहाटेपर्यंत पुरतंय.
पलीकडच्या म्हाताऱ्याला दे थोडं."
पहाटे सिलिंडर निम्मा उरला होता.

आता नोव्हेंबर. बँकेत मी एकटाच.
मृत्यूचा दाखला कन्नडात, त्यात सातेरीचं सत्यारी झालेलं.
अर्ज मराठीत चालत नाही, म्हणाली बाई,
मग स्वतःच पेन घेऊन कन्नडात लिहून दिला.
सही कर म्हणाली. केली.
सवयीनं यंत्र माझ्याकडं सरकवलं तिनं,
आणि तसंच मागं ओढून घेतलं.

घरी आलो. दार नेहमीसारखं मागं सोडून दिलं.
वारा होता. आपटणार,
तेवढ्यात मी पाय मधे घातला.
चांगलंच लागलं.
ओरडलो नाही.

आतून काकूनं विचारलं,
"कोण हाय?"